ढोले सरांची वाळूची थैली

ढोले सरांच्या उजव्या आणि डाव्या दंडाच्या स्नायूंत काडीचाही फरक नाही, अशी खबर मागच्या आठवड्यात नागपूरहून आली. नमुने तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ट्रंक कॉलवर ती पक्की केली. साठी गाठून निवृत्त होणाऱ्या सरांचा सौंसरच्या कॉलेजातला हा शेवटचा प्रयोग.

सरांची माझी पहिली भेट इथल्या बसस्टँडवर झाली. पांढुर्ण्याहून नोकरीवर रुजू व्हायला मी ट्रंक घेऊन उतरलो, तर सरांनी नाव विचारण्याआधी माझा दंड चाचपला. "नेहमी याच हाताने उचलता ना?" ते वर्गात सांगतात, स्नायूवर भार वाढला की पेशींतली जनुकं जागी होतात, कोणतं एन्झाइम जास्त बनवायचं, कोणतं कमी, हे नव्याने ठरतं. हेच स्वतःवर दाखवायला सर उजव्या हातात वाळूची थैली घेऊन रोज सकाळी रामाकोन्याच्या रस्त्याने चालू लागले. डावा हात रिकामा.

घोळ गावाने केला. मास्तरांना ओझं उचलू द्यायचं नाही, ही आपली रीत. पहिल्याच वळणावर संत्र्याच्या बागेकडे निघालेले नामदेवराव भेटत.

"सर, हे काय करून राहिले? आमी मेलो का? द्या इकडे!"

"अहो, वाळू आहे त्यात."

"सोनं असलं तरी नाही पळवत. द्या!"

"इतक्या मायेने पुढे आलेला हात मागे कसा सारायचा?" असं सर मला म्हणाले. याच मायेने ते माझ्या टायफॉइडमध्ये रोज उशाशी बसून स्नायूंची माहिती देत. ताप बहुधा कंटाळून उतरला.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "थैली खरंच उचलली होती ना?"

"उचलली मी," सर म्हणाले, "पोचवली नामदेवरावांनी."

निवृत्तीआधी एकदाच पुन्हा नमुने तपासायला डॉक्टर राजी झाले आहेत. ही फेरी हुकली तर सरांना दुसरी मिळणार नाही. म्हणून समस्त सौंसरकरांना विनंती, सर दिसले की नमस्कार करा आणि हात जोडलेलेच ठेवा.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आपला भार आपणच वाहण्याची मुभाही.

संक्रांत झाली की सर पुन्हा थैली घेऊन चालायला निघतील. नामदेवरावांनी शब्द दिला आहे, "थैलीले हात नाही लावत, सर. माही बैलबंडी त्याच रस्त्यानं जाते. तुम्ही थैलीसकट बसा!"