आईच्या शेजारी जेवायला बसलेल्या ग्रीक बाई

मंडळी, आज दुपारी मेलबर्नमध्ये जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वडील गेल्यापासून आई उत्रोलीच्या घरात एकटीच असते. त्यांच्याबद्दल बोलत नाही आणि धड जेवतही नाही. म्हणून तिला घेऊन मी इथे धाकट्या भावाकडे आले.

आज फिरता फिरता आम्ही दोघी एका छोट्या ग्रीक हॉटेलात शिरलो. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या गुंडाळ्या मागवल्या. आईनं एक उचलली आणि तशीच ठेवून दिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मालकीणबाई बाहेर आल्या. आईच्याच वयाच्या असतील.

"हिनं सगळं काळंच का गं घातलंय?" आईनं विचारलं.

वाढायला त्यांची मुलगी होती, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा गेल्यापासून आई काळंच घालते."

मी ते सांगताच आई उठली. त्या बाईंचा हात धरून सरळ आपल्या बोलीत म्हणाली, "आमचं मालक बी गेलं. लई चांगलं व्हतं. मला कदी एकटीला जेवू दिलं न्हाई."

बाईंना एकही शब्द कळला नसेल. पण त्यांनी आईशेजारी खुर्ची ओढली, स्वतःसाठीही ताट मागवलं. मग दोघी डोळे पुसत सावकाश जेवल्या. आईनं पुन्हा मागून घेतलं.

हे लिहिताना सारखं मनात येतंय, तुमच्याकडे आज एकटं कोण जेवलं?