न आलेल्या संगणकाचा देव्हारा

जो अजून दिसला नाही त्याच्यासाठी आधीच आसन मांडून ठेवण्याची बुद्धी ज्यांनी माणसाला दिली, त्या श्रीगुरु दत्तात्रेयांना साष्टांग नमन. ज्या संतांच्या शब्दांनी आमच्या जिभा धुतल्या गेल्या, त्यांच्या चरणी मस्तक. आता मंडळी, सावरून बसा.

किस्से हे देवघरातल्या निर्माल्यासारखे असतात. रोज ओंजळभर फुले उतरवून ठेवावीत, भार काही जाणवत नाही. आणि एके सकाळी पाहावे तो टोपली काठोकाठ भरलेली! पलूसच्या दत्तमंदिरातल्या आमच्या भजनी मंडळाची टोपली दोन वर्षांत भरली. ती भरली एका संगणकामुळे, आणि तो संगणक तोवर बाजारात आलेलाच नव्हता.

मूळ प्रकरण असे. बिरूनाना हे आमचे मुख्य गायक. वय ऐंशीच्या पुढचे. धनगराच्या घरचे, तरुणपणी जतच्या माळावरून मेंढरे घेऊन इकडे आले आणि कृष्णाकाठी शेतकरी झाले. अभंगांच्या तीसेक जुन्या चाली त्यांच्या कंठात आहेत, ज्या आम्हां कोणालाही धड येत नाहीत. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांचा घसा तपासला आणि स्पष्ट सांगितले, "आवाज आता उतरतच जाणार. जे जपून ठेवायचं आहे, ते लवकर जपा."

माझी सून वैशाली कराडला संगणक शिकवते. तिने सुचवले, "मामा, पडद्याशिवाय मिळतो तो छोटा संगणक घेऊ. जेवणाच्या डब्याएवढा असतो. मंदिराच्या कपाटात मावेल, आवाजही करत नाही. पुढच्या गुरुवारी नानांना गायला बसवू."

वर्गणी जमली. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सुभेदार उठले. हे सैन्यातून निवृत्त झालेले, सिग्नल विभागात होते, आमच्याकडे टाळ धरतात.

"ठैरो," ते म्हणाले. "नवा येतोय."

"केव्हा?" मी विचारले.

"तारीख गुप्त आहे. पण बातमी पक्की. ज्याने दिली त्याचा चेहरा व्हिडिओत दिसत नाही, फक्त हात दिसतात. म्हणजे आतला माणूस!"

"तोवर फोनवर रेकॉर्ड करू या का?" वैशालीने विचारले.

"एकदाच करायचं, पक्कं करायचं," सुभेदार म्हणाले.

झाले. मंडळ थांबले.

* * *

एका गुरुवारी आरती झाल्यावर सुभेदारांनी जाहीर केले, "बटण खाली आहे."

"खाली म्हंजे?" धोंडिराम सुताराने विचारले. हा आमचा पखवाजवादक.

"तळाला. पोटाखाली. सुरू करायचं तर यंत्र उचलायचं आणि खाली बोट घालायचं."

प्रश्न साधा नव्हता. जे यंत्र नानांचा कंठ सांभाळणार, ते सरस्वतीचेच रूप. त्याला हळदकुंकू वाहणार. मग त्याला रोज कलते करणे कितपत योग्य? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पूर्वी संस्कृत शिकवत असे, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात.

मी विचारपूर्वक सांगितले, "शाळिग्राम स्नानासाठी आपण उचलतोच. हेतू सेवेचा असेल तर दोष लागत नाही."

"पण गुरुजी," सुभेदार म्हणाले, "शाळिग्रामाला बटण नसतं."

त्या रात्री मी दोन ग्रंथ उघडून पाहिले. बटण कोणत्याच ग्रंथाला ठाऊक नव्हते.

* * *

धोंडिरामाने मात्र प्रश्न मनावर घेतला. त्याने सागवानाचा एक देखणा देव्हारा घडवला: वर लहानसा कळस, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, तळाला बोट जाईल एवढे भोक. म्हणजे यंत्र न हलवता बटण दाबता येईल.

पुढे बातमी आली की वायरी जोडायची दोन पोर्ट समोर असणार. धोंडिरामाने समोर दोन भोके पाडली. पंधरा दिवसांनी कळले की कानाला लावण्याच्या वायरीची जागाही पुढेच. तिसरे पडले. मग कार्डाची खाच येणार अशी कुणकुण लागली, म्हणून डावीकडे एक चीर. पुढच्या गुरुवारी कार्डाची खाच रद्द! धोंडिरामाने लाकडी खुंटी ठोकून चीर बुजवली आणि वर पॉलिश मारले.

बिरूनाना हे सगळे भिंतीला टेकून पाहत असत. आमची चर्चा रंगली की ते आपले हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत बसत. शेजारी वैशाली देवाचे हार ओवत असे. एके दिवशी त्यांनी देव्हारा हातात घेऊन उजेडासमोर धरला.

"धोंड्या, ह्यो देव्हारा हाय का पावा रं?"

"आवं नाना, बातमीच बदलती तर मी काय करू?"

नानांनी एका भोकाला तोंड लावून फुंकून पाहिले. सूर लागला नाही. लगेच धोंडिराम म्हणाला, "बगा! पावा न्हाई."

* * *

खंडेनवमीला आम्ही मंडळाच्या वाद्यांची पूजा करतो. पखवाज, टाळ, वीणा, पेटी. त्या वर्षी देव्हारा रिकामा ठेवणे बरे दिसेना. सुभेदारांनी येणाऱ्या यंत्राचा, कुठूनसा फुटलेला, फोटो छापून आणला. तो आत ठेवला. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, नारळ, सगळे यथासांग झाले. ज्या पोर्टाविषयी वाद होता, त्यावर मी मुद्दाम कुंकू लावले नाही.

पंधरवड्याने सुभेदार खाली मान घालून आले. तो फोटो खोटा निघाला होता. परदेशातल्या कोण्या मुलाने स्वतःच्या कल्पनेने काढलेले ते चित्र होते, आणि त्याने जगाची माफीही मागितली होती.

"आता?" मी म्हणालो. "अक्षता पडल्या आहेत. प्रसाद वाटून झाला आहे."

विसर्जन करायचे ठरले. नदीत शाई नको असे वैशालीने बजावले, म्हणून मंदिरामागच्या निर्माल्याच्या खड्ड्याशी आम्ही चौघे उभे राहिलो. सुभेदारांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि ते अडखळले.

"गुरुजी, 'पुनरागमनाय च' म्हणायचं का नको?"

"म्हणा," मी म्हटले. "येणारच आहे तो."

* * *

एकदा खात्री करून घ्यावी म्हणून आम्ही कराडला एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, नम्र होता. सुभेदारांनी त्याला काउंटरपलीकडे उभे करून चौकीवरच्या पहारेकऱ्यासारखी उलटतपासणी सुरू केली.

"अ‍ॅडॉप्टर आत की बाहेर?"

"काका, अजून आला नाही तो."

"ते मला ठाऊक आहे. अ‍ॅडॉप्टर आत की बाहेर?"

"माहीत नाही, काका."

"आत आहे. पंखा एक की दोन?"

"काका..."

"एक. मागची जुनी चौकोनी पोर्ट ठेवणार की काढणार?"

दुकानदाराने बिचाऱ्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि वही उघडली. "काका, तुम्ही सावकाश सांगा. मी लिहून घेतो."

तेव्हापासून दर सोमवारी त्या दुकानदाराचा सुभेदारांना फोन येऊ लागला. "काका, गिऱ्हाईक विचारतंय. काय म्हणताय, कधी येणार?"

* * *

यानंतरची बातमी सर्वांत मोठी होती. यंत्राच्या पोटातच माइक असणार, आणि तो असा की गाणाऱ्याचा सूर चुकला तर आतल्या आत दुरुस्त करून घेणार!

याचा पहिला परिणाम आमच्या टाळकऱ्यांवर झाला. त्यांनी सराव बंद केला. "मशीनच सूर लावणार हाय, मग आमी कशाला मरायचं?" असे त्यांचे म्हणणे.

बिरूनाना त्या दिवशी स्वतःहून चर्चेत पडले. आवाज बराच खरखरीत झाला होता.

"सुबेदार, त्यो समदाच सूर नीट करतो का?"

"सगळा, नाना. एकही चूक राहणार नाही."

"मग माज्या गुरूची हाळी कुटं जाईल?"

आम्हाला कळेना. मग नानांनी सांगितले. त्यांचे गुरूही मेंढपाळ. माळावर बसून शिष्यांना अभंगाची चाल शिकवत होते. गाता गाता दिसले की एक मेंढी दुसऱ्याच्या शाळवात, म्हणजे उभ्या ज्वारीत, घुसते आहे. अभंग मोडायचा नाही म्हणून त्यांनी त्याच ओळीत सूर वर चढवून मेंढीला हाळी दिली. मेंढी वळली. गुरू पुन्हा खाली आले आणि अभंग पुरा झाला.

"आमी बारकी पोरं. आमाला काय ठावं? चाल शिकलो ती हाळीसकट. मागनं गुरूला इचारलं, ती काडू का? तर म्हनलं, र्‍हाऊ दे. मेंढी वळली न्हवं?"

नाना पुन्हा भिंतीला टेकले. वैशाली हार ओवता ओवता थांबली होती. ती म्हणाली, "नाना, ती ओळ परत एकदा म्हणा."

"म्हंतो की. तू हार ओव, माळ मोडू नगंस."

* * *

श्रावणात नानांना सर्दीचे निमित्त झाले आणि आवाज गेला. आता ते नुसते कुजबुजतात. डॉक्टर म्हणाले, यापुढे गाणे नाही.

आणि त्यानंतर काही आठवड्यांतच संगणक आला. खरा!

वैशालीने तो, आणि तिच्या वर्गातला एक जुना पडदा, कराडहून आणून सभामंडपात ठेवला. आम्ही गोल बसलो. बटण तळाला होते, पण मागच्या कोपऱ्यात. सुभेदारांनी सर्वांकडे एकदा पाहिले, परंतु अभिमानाने बोलण्यासारखी ती वेळ नव्हती. समोरची पोर्ट धोंडिरामाच्या भोकांपासून अर्धे बोट सरकलेली होती. पूर्ण देव्हाऱ्यात डावीकडची कार्डाची चीर तेवढी तंतोतंत जुळत होती, आणि ती त्याने खुंटी ठोकून बुजवली होती.

आत माइक नव्हताच.

सुभेदारांनी डोळे मिटले. "मीच थांबवलं," ते म्हणाले. "दोन वर्षं मीच थांबवलं, गुरुजी."

मी त्यांच्या शेजारी सरकून बसलो.

वैशालीने पिशवीतून एक वेगळा माइक काढला आणि वायर जोडली. नानांनी भिंतीला टेकल्या जागेवरून हात वर केला आणि तिच्याकडे बोट दाखवले. मग टाळ तिच्यापुढे सरकवले.

"मामा, म्हणू का?" तिने मला विचारले.

मी मान डोलावली. मला काय चालले आहे ते कळले नव्हते. माझ्याच घरात ती रोज पोळ्या लाटताना गुणगुणते; मी कधी कान दिला नव्हता.

ती गाऊ लागली. धोंडिरामाचा हात आपोआप पखवाजावर पडला. पहिली ओळ हुबेहूब नानांची होती, श्वाससुद्धा नानांचा होता. सुभेदार कानाला हेडफोन लावून पडद्यावरची आवाजाची रेघ पाहत होते. या खेपेला काहीही चुकू द्यायचे नाही असा त्यांचा निश्चय दिसत होता. तिसऱ्या ओळीला सूर एकाएकी वर चढला.

"थांबा, थांबा!" सुभेदार घाईने म्हणाले. "सूनबाई, इथं सूर सुटला. पुन्हा घ्या."

वैशाली थांबली नाही. नाना पुढे झुकले आणि सुभेदारांच्या मनगटावर हात ठेवून कुजबुजले,

"ऱ्हाऊ द्या सुबेदार. मेंढी तितंच वळती."

* * *

हे जे ऐकतात आणि हे जे वाचतात, त्यांच्या घरी सांजवात तेवती राहो. प्रत्येक घरी गाणारा कंठ असो, आणि त्याच्याजवळ हार ओवत बसणारे कोणीतरी असो. श्रीगुरु सर्वांचे कल्याण करोत.