सोडलेली घंटी

मी थकलेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कुणी मनावर घेऊ नये. नवऱ्याचं घर सुटल्यापासून मी अण्णाकडं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडं राहतेय. त्याला बायको-पोरं न्हाईत. दिवसभर लोकांच्या तुरीत खुरपायचं आणि सांजच्याला ह्याच्या गुडघ्याला तेल चोळायचं. चोळता चोळता रोज तेच भांडण.

"अण्णा, मेंढरं विक."

"बघू."

"बघू बघू करत गुडघे गेले की रं तुझे!"

"गुडघे गेले, मेंढरं हायत न्हवं?" असं म्हणून हा कूस बदलणार.

आमचं गाव डोंगराच्या कडेला. वर जांभ्या दगडाचा तांबडा माळ, खाली राजेश्वर गावाकडं काळी जमीन. अप्पाच्या, म्हणजे आमच्या बापाच्या काळात पावसाळ्यात मेंढरं माळावर असायची आणि सुगी झाली की खाली उतरायची. शेतकरी घरी येऊन म्हणायचे, "अप्पा, औंदा आमच्या शेतात बसवा की मेंढरं." मेंढरं शेतात मुक्कामाला बसली की लेंड्यांचं खत मिळायचं, आणि आम्हाला ज्वारी. आता जिकडं तिकडं सोयाबीन. बांधावरचं गवतसुद्धा औषध मारून जाळतात. तसलं खाऊन आमच्या दोन मेंढ्या फुगून मेल्या. मग राहिला डोंगर, तर तिथं उन्हावर वीज करायच्या काचा बसल्या आणि भोवती तारेचं कुंपण पडलं. अण्णा लंगडत त्या कुंपणाला वळसा घालून दुबलगुंडी गावाच्या अंगाला मेंढरं न्यायला लागला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

विक विक म्हणणारी मीच, पण आतून मलाही एकच घोर होता. मेंढरं गेल्यावर हा माणूस जगणार कशावर? भाकरीचं म्हणत न्हाई मी, भाकरी मी कमावते. ह्याला दुसरं काही येतच न्हाई. खुरपं दिलं तर तण ठेवून तूर उपटतो. माणसांशी चार शब्द धड बोलत न्हाई, आणि मेंढरांशी दिवसभर गप्पा, त्याही कानडीत.

"कामून रं, तुझ्या मेंढरांना मराठी कळंना व्हय?" मी चिडवायची.

"कळतंय. पण ऐकत न्हाईत, तुझ्यावानी."

सांजचं ह्याचं एक ठरलेलं. वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणाच्या तोंडाशी उभं राहून सगळी मेंढरं आत घ्यायची, मग काळ्या कुत्र्याला सांगायचं, "चल रं, समदी आली." हे कानावर पडल्याबिगर ते कुत्रं भाकरीला तोंड लावायचं न्हाई. एखादी मेंढी मागं राहिली तर रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं, मेलं, हट्टी. धन्यावर गेलेलं.

औंदा पावसात अण्णा डोंगराच्या उतारावर पडला. उठता येईना म्हणून उन्हं कलेपर्यंत तिथंच बसून राहिला, आणि मेंढरं त्याच्या भोवती चरत राहिली. घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "बोलव त्या मेंढरांच्या व्यापाऱ्याला." मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. भाकरी फाटली.

आमच्यात मेंढरं विकतात, पण घंटी विकत न्हाईत. कळपाच्या पुढं चालते ती म्होरकी मेंढी, तिच्या गळ्यात आज्जाची पितळी घंटी. कळप मोडायचा झाला की ती सोडायची, धुवायची, हळद लावून देवापुढं ठेवायची. एकदा हळद लागली की नवा कळप उभा राहीपर्यंत ती कुण्या मेंढीच्या गळ्यात बांधायची न्हाई. अण्णानं विक्रीच्या दिवशी उजाडताच हे सगळं उरकून टाकलं, दुखरा दात एकदाचा उपटून घ्यावा तसं. व्यापाऱ्याची गाडी अजून यायची होती. तिथंच चुकलं.

गाडी आली, फळी लावली. मेंढरं काही चढंनात. घंटीचा आवाज न्हाई तर कुणाच्या मागं जायचं? एक इकडं पळालं, एक तिकडं. व्यापाऱ्याची माणसं काठ्या घेऊन धावायलीत, कुत्रं भुंकून भुंकून बेजार.

"क्या अण्णा, चढतेच नै ये!" व्यापारी म्हणाला. "घंटी बांधो ना, बाद में निकाल लेना."

अण्णानं मान हलवली. "हळद लागली."

तेवढ्यात एकानं म्होरकीचा कान धरून तिला फळीवर ओढलं. अण्णा असा ओरडला, "कान सोड तिचा!" की गल्लीतली माणसं दारात आली. मग मला म्हणाला, "जा, घंटी आण."

"कामून? मी न्हाई आणत."

"आण म्हनलं न्हवं!"

आणली. काय करते?

ज्याला उंबरा चढताना मी हात देते, तो माणूस घंटी मुठीत धरून फळीवरून रांगत वर गेला. गाडीच्या पार टोकाला उभा राहिला, घंटी हलवली आणि कानडीत हाक घातली, "बाऽ, बाऽ!" म्हणजे ये, ये. म्होरकीनं कान टवकारले आणि नीट चालत वर गेली. तिच्यामागं सगळी, रेटारेटी करत. काठी लागलीच न्हाई. माय गं! इतकी वर्षं मी त्याचं डोकं खाल्लं, आणि त्या घडीला वाटलं, ती फळीच ओढून घ्यावी.

"झालं की. आता उतर," मी म्हणाले.

मेंढरांनी त्याला कमरेपर्यंत वेढलं होतं. "उतरायला जागा कुठाय? मन्नाएखेळ्ळीपर्यंत जातो, तिथं नाक्यावर उतरतो."

जागा होती. मला दिसत होती.

कुत्रं ओढ्यापर्यंत गाडीमागं पळालं, मग जीभ काढून माघारी आलं आणि वाडग्यापुढं पडून राहिलं. मी त्या दिवशी कामाला गेले न्हाई. वाडगं झाडायला झाडणी उचलली आणि तशीच ठेवून दिली.

दिवस बुडायच्या आधी अण्णा बसनं आला. फाट्यावरून चालायला लागला तशी खिशातली घंटी वाजायली. कुत्र्यानं उडी मारली, धावत सुटलं, अण्णाच्या बाजूनं पुढं गेलं आणि रस्त्यावर उभं राहिलं. त्याच्या मागं कोण कोण येतंय, ते बघत.

अण्णानं घंटी देवापुढं ठेवली. दगडावर बसला, पाणी प्याला. "त्याला भाकरी टाकलीस?"

"टाकलीय. खाईना. तिथनं हलंना."

अण्णानं कुत्र्याच्या पाठीकडं बघितलं. मग गुडघा धरून उठला, रोजच्या जागी, वाडग्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल रं, समदी आली."

कुत्र्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग आलं आत, आणि भाकरी खाल्ली.

अण्णानं रिकाम्या वाडग्याला बाभळीची काटेरी फांदी ओढून लावली आणि एखादी फट राहिली का, ते रोजच्यासारखं हातानं चाचपून बघितलं.