कृष्णवेणीची नऊ गाणी

गुरुमूर्ती आणि मी इकडे दक्षिणेत, गिंडीत एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं होतो. कारखाना लहान, चौदा माणसांचा. आम्ही गेज बनवायचो. गेज म्हणजे दुसऱ्याने बनवलेला माल मापात आहे की नाही हे तपासायचं साधन. मी लेथवर. तो आधी ग्राइंडिंगवर, शेवटची दहा वर्षं तपासणीवर. मी मिरजेचा. तो तंजावरकडचा मराठी. त्याचं घराणं तिकडे किती पिढ्या आहे हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. माझ्या मराठीला तो पेपरातली मराठी म्हणायचा. त्याच्या मराठीला मी काही म्हणत नसे, कारण पहिलं वर्षभर ती मला निम्मीच कळायची.

तपासणीवर तो कडक होता. गेज बाद ठरलं की ते ऐरणीवर ठेवून हातोड्याने तोडायचा. ज्याने बनवलं त्याच्यासमोर. मालक म्हणायचे, ठेवा बाजूला, दुरुस्त होतंय का बघू. तो ऐकायचा नाही. "बाद माल शेल्फवर राहिला की कोणीतरी चांगला समजून उचलतो." माझीही सहा-सात गेज त्याने तोडली. राग आला नाही. चुकलं होतं, तोडलं.

२००७ साली तो निवृत्त झाला आणि सैदापेटच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला लागला. वर्गात सगळे विशीतले. हा अठ्ठावन्नचा. रोज सर्वांत आधी जाऊन बसायचा. आठ महिन्यांत त्याने स्वतःची वेबसाइट उभी केली. तंजावरी मराठी बायकांची गाणी त्यावर ठेवायची, एवढाच उद्देश. पाळणे, लग्नातली गाणी, न्हाणाची गाणी. ही गाणी लिहिलेली नव्हती. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी होती, आणि त्या बायका एकेक करून जात होत्या.

कल्पना त्याची, पण बायकांना बोलतं करायचं काम कृष्णवेणीचं. कृष्णवेणी म्हणजे त्याची बायको. कुंभकोणमहून, तंजावरहून कोणी नातेवाईक टी. नगरला लग्नाच्या साड्या घ्यायला आली की कृष्णवेणी तिला घरी जेवायला आणायची. जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसवायची. बाई लाजायची. कृष्णवेणी म्हणायची, "लाज काय? आत कोणी बसलेलं नाही, पेटीच आहे." वेबसाइटच्या पानावर एक चौकोन होता. त्याला परवानगी दिली की माइक सुरू व्हायचा, लाल ठिपका लागायचा, आणि बाई गायची ते थेट परदेशातल्या एका कंपनीकडे साठायचं. घरात काही उरायचं नाही. तेव्हा तेच सोयीचं वाटलं.

एकोणीस बायकांची बासष्ट गाणी जमली. त्यांतली नऊ कृष्णवेणीची. तिचा आवाज गोड नव्हता. जाडसर होता. पण ताल सुटायचा नाही आणि शब्द स्पष्ट.

२०१४ साली मूत्रपिंडाच्या आजाराने ती गेली. त्यानंतर गुरुमूर्ती रोज सकाळी कॉफी झाली की तिचं एक गाणं लावायचा. एकच. नऊ दिवस झाले की पुन्हा पहिलं. मी कधी त्या वेळी गेलो तर गाणं संपेपर्यंत दारातच थांबायचो.

हे सगळं ज्यावर चाललं होतं त्याला प्लगइन म्हणतात. ब्राउझर, म्हणजे ज्यातून वेबसाइट बघतात ते, स्वतः आवाज किंवा चित्रपट लावू शकत नव्हतं. त्याला बाहेरून एक तुकडा जोडावा लागे. तुकडा दुसऱ्याच एका कंपनीचा. आत काय आहे ते तिलाच माहीत. पुढे नवीन पद्धत आली. ब्राउझरनेच आवाज लावायचा, आणि तो कसा लावायचा याचे नियम उघडे, कोणीही वाचावेत असे. गुरुमूर्तीला हे पटलं होतं. तो म्हणाला, "आपल्या बोल्टच्या आट्यांसारखं आहे. बोल्ट कोणाचाही असो, नट कोणाचाही असो, बसला पाहिजे. आतापर्यंत प्रत्येकाचे आटे वेगळे होते. हे चांगलं झालं."

चांगलंच झालं. पण मधे जुनं सगळं नव्यात बदलून घ्यायचं काम होतं.

२०२० च्या सप्टेंबरात त्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. प्लगइन वर्षअखेर बंद होत आहे, आम्हीही आमचं काम बंद करत आहोत, ३१ डिसेंबरपर्यंत तुमची रेकॉर्डिंग उतरवून घ्या. नंतर ती पुसली जातील.

विद्यालक्ष्मी ही त्याची मुलगी, एकुलती. बँकेत आहे, वेळचेरीला राहते. ऑक्टोबरच्या एका रविवारी ती आली. मीही तिथे होतो. तिने दहा मिनिटांत त्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "झालं अप्पा. एकच बटन होतं. अस्के उतरले." अस्के म्हणजे सगळे.

"लाव एक."

तिने पहिलं लावलं. गुरुमूर्तीच्या आत्याचा पाळणा. आवाज बारीक, घाईघाईचा, पाठीमागे कोणी लागल्यासारखा. विद्यालक्ष्मीला हसू आलं. गुरुमूर्तीला नाही.

"ही माझी आत्या नोहो. ही चिमणी."

"चिमणी तर चिमणी. राहू दे ना अप्पा. नंतर कोणाला तरी विचारते."

त्याने आणखी चार लावून पाहिली. चारही तशीच. मग माझ्याकडे वळला. "वसंता, तू सांग. हा माल तू घेशील?"

"नाही घेणार," मी म्हणालो.

त्याने उतरवलेली बासष्टच्या बासष्ट पुसली; मूळ कंपनीकडे होतीच. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. विद्यालक्ष्मी म्हणाली, "सरी. तुम्ही दोघं आणि तुमचा कारखाना." सरी म्हणजे बरं. रागाने नाही म्हणाली. पुन्हा उतरवून स्वतःकडे ठेवायचं तिच्या मनात आलं होतं, हे तिने मला पुढे सांगितलं. पण अप्पांनी हातात घेतलेल्या कामात हात घालायचा नाही, ही त्या घरातली लहानपणापासूनची शिस्त.

त्याने स्वतःची पद्धत बसवली. कॉम्प्युटरला हेडफोन लावतात त्या भोकातून एक वायर छोट्या रेकॉर्डरला. वायर त्याने स्वतः डाग देऊन जोडली. गाणं एकदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायचं. तिसऱ्यांदा हेडफोन लावून तपासायचं. कुठे खरखर आली की पुन्हा पहिल्यापासून. एका दिवसात एक गाणं, फार तर दोन. दिवस एक्क्याऐंशी, गाणी बासष्ट. हिशोब बसत होता.

मी एकदा विचारलं, "कृष्णवेणीबाईंची झाली?"

"ती शेवटी. हात बसू दे."

मला ते बरोबर वाटलं. आमच्या कामात तसंच असतं. महाग धातू मशीनवर शेवटी चढवायचा. आधी साध्या धातूवर सेटिंग पक्कं करायचं. मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि मी त्याला तसं बोलूनही दाखवलं.

चोवीस डिसेंबरला त्रेपन्न गाणी झाली. एकही वाईट नव्हतं. हात खरंच बसला होता. नऊ गाणी, सात दिवस.

पंचवीसला पान उघडलं नाही. नुसतं गोल फिरत राहिलं. सव्वीसला तेच. जगभरातली माणसं शेवटच्या आठवड्यात आपापलं उतरवायला आली होती आणि कंपनीचं यंत्र त्यांना पुरत नव्हतं. आयुष्यात ज्याने शेवटच्या दिवसावर काम ठेवलं नाही, तो त्या लोकांबरोबर रांगेत अडकला. विद्यालक्ष्मी तिच्या घरून ते एकच बटन दाबत होती. तेही चालेना.

एकोणतीसला सकाळी सव्वासहाला एक गाणं लागलं. कृष्णवेणी खाकरली. "सुरू करूं?" म्हणाली. एक ओळ गायली, आणि बंद पडलं. अकरा सेकंद असतील. रेकॉर्डर चालू नव्हता. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, ही पद्धत.

मी नऊ वाजता गेलो तेव्हा त्याने मला एवढंच सांगितलं. हात मांडीवर होते.

एक जानेवारीला पानावर गाण्यांच्या जागी कंपनीने लिहिलेल्या आभाराच्या दोन ओळी होत्या. त्याने कंपनीला चार पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. कळवल्याप्रमाणे सर्व रेकॉर्डिंग पुसली आहेत.

फेब्रुवारीत विद्यालक्ष्मी आली. बसली नाही. बँकेतल्या कॉम्प्युटरच्या माणसाला तिने विचारलं होतं.

"अप्पा, तो चिमणीचा आवाज. तो वेगाचा आकडा चुकीचा लागल्यामुळे होता. गाणी आत नीट होती. एक आकडा बदलला असता तर झालं असतं."

"म्हणजे माल चांगला होता?"

"चांगला होता."

तो मला म्हणाला, "वसंता, आपण गेज न तपासता जॉब तोडला."

सव्वीस वर्षांत असं आम्ही कधी केलं नव्हतं. आधी साधन तपासायचं, मग माल. शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात हेच सांगतात.

विद्यालक्ष्मी म्हणाली, "माझ्या फोनमध्ये पण अम्मा नाही. तेव्हाचा माझा फोन साधा होता, त्यात आवाज साठायचा नाही. माझ्याकडे काहीच नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "मामा, तुम्ही तरी राहू द्या म्हणायचं होतं." त्यानंतर चार महिने ती घरी आली नाही. फोन करायची, औषधाचं विचारायची, ठेवून द्यायची.

गुरुमूर्तीने त्या उन्हाळ्यात नवीन पान बनवलं. नव्या पद्धतीचं, प्लगइन नसलेलं. कुठल्याही फोनवर लागतं, काही जोडावं लागत नाही. मी माझ्या स्वस्तातल्या फोनवर पाहिलं, लगेच लागलं. काम चोख आहे. पुदुच्चेरीच्या एका बाईने लिहिलं की आईचा आवाज तेरा वर्षांनी ऐकला, दिवसभर लावून ठेवला होता. अशी पत्रं बरीच आली. तो ती मला वाचून दाखवतो.

पानावर गाण्यांची नावं मात्र बासष्ट आहेत. शेवटच्या नऊ नावांपुढे गायिका कृष्णवेणी असं लिहिलेलं आहे. दाबलं तर काही होत नाही. विद्यालक्ष्मीने सांगितलं, काढून टाका, लोकांना वाटतं पान बिघडलंय. त्याने काढली नाहीत.

त्यामुळे लोक विचारतात. आठवड्याला एखादं तरी पत्र येतं. ही नऊ गाणी आमच्याकडे लागत नाहीत, आमच्या फोनमध्ये काही बिघाड आहे का. तो प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहितो. दोन बोटांनी, वेळ लागतो. फोन बरोबर आहे. गाणी माझ्या हातून गेली. क्षमस्व.

मी एकदा म्हणालो, "त्यात माझंही नाव घाल. विचारलंस तेव्हा नको मीच म्हणालो होतो."

"तू विचारल्याचं उत्तर दिलंस," तो म्हणाला. "बटन मी दाबलं."

आणि पुढचं पत्र उघडलं.