लोहगावच्या वाटेवर पन्नास पावलं

"उतरा! सगळे खाली उतरा! आधी किल्ली काढ!"

वडिलांचा तो आवाज थेट येरवड्याच्या तुरुंगात गेला असणार आणि आतले दोन-चार कैदी सामान आवरायला लागले असणार, अशी माझी खात्री आहे. आमची व्हॅन होळकर पूल ओलांडून जेमतेम पुढे आली होती. वडील ड्रायव्हरच्या शेजारी होते. त्यांनी स्वतःच हात घालून किल्ली फिरवली, उपटली आणि खिशात टाकली.

"गॅस गळतोय," ते म्हणाले. "पन्नास पावलं लांब. पळायचं नाही, चालायचं."

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिथे पन्नास पावलं म्हटलं की साहेबसुद्धा मुकाट चालतो, असं ते सांगत. आम्हीही चाललो. मी, माझी बायको आणि शनिवार पेठेतून बसलेले, गोव्याला लेकीकडे निघालेले एक गृहस्थ. धायरीचा ड्रायव्हर तेवढा गाडीला टेकून उभा.

"काय नाय व्हत, काका. गाडी घरच्याच सिलिंडरवर हाय, मागं पोत्याखाली. समदे असंच चालवत्यात."

"आणि आमच्या बॅगा त्याच्यावर रचल्यास?"

"मंग कुठं रचू?"

त्या बॅगांपाशीच सगळं अडलं होतं. सन दोन हजार उजाडलं की जगातले संगणक वेडे होणार, म्हणून तेव्हा सगळ्यांचीच झोप उडाली होती. माझी बायको त्याच दुरुस्तीच्या कामात. अमेरिकेतल्या निम्म्या बँका तिने एकटीने वाचवल्या, असं मी गल्लीभर सांगत असे. पण सात महिने तिने रविवार पाहिला नव्हता, हे मात्र तंतोतंत खरं. बक्षीस म्हणून कंपनीने गोव्यातल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टचे दोन दिवस दिले होते. तिघांची विमानाची तिकिटं आणि विमानतळापर्यंत ही शेअर गाडी त्यातच. सोमवारी पुढचं काम सुरू. हे विमान चुकलं की तिची सुट्टी संपली. तिकिटं पर्समध्ये, पर्स गाडीत, आणि काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं.

"मला तर कसलाच वास आला नाही," गृहस्थ मला म्हणाले. "आपले वडील विमानही असंच हुंगून बघणार आहेत का? म्हणजे मी बस बघतो."

"साबण आहे का कुणाकडे?" वडिलांनी विचारलं.

साबण गृहस्थांकडेच निघाला, हातातल्या पिशवीत. लेकीकडचा साबण त्यांना चालत नसे. वडिलांनी तो आणि पाण्याची बाटली घेतली, एकटेच गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि रेग्युलेटरला फेस चोपडला. फुगा आला. पन्नास पावलांवरून मला तो नारळाएवढा दिसला. बायको म्हणते, तिथून काहीही दिसत नव्हतं. ड्रायव्हरने मात्र कानावरची विडी काढून लांब भिरकावली आणि आमच्या दिशेने पन्नासऐवजी चांगली दीडशे पावलं चालला.

वडिलांनी सिलिंडर बंद केला, सगळी दारं सताड उघडली आणि परत आले.

"आता वीस मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. गॅस तळाला बसतो, लवकर हलत नाही."

"बाबा, वीस मिनिटं नाहीयेत," बायको म्हणाली. "मी फक्त पर्स आणते."

ती निघालीच. वडील तिच्या वाटेत आडवे उभे राहिले. आमच्या घरात सासरा-सून अशी समोरासमोर कधी आली नव्हती.

"बाबा, बाजूला व्हा."

"नाही."

"सिलिंडर बंद केलात ना तुम्ही?"

"केला. तरी नाही."

मी त्या क्षणी अत्यंत शूरपणे घड्याळाकडे बघत होतो. ती माझ्याकडे वळली. मी घड्याळ कानाला लावलं. मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी दोन रिक्षा थांबवल्या. रिक्षावाल्यांनी आमच्याकडे पाहिलं, उघड्या दारांच्या व्हॅनकडे पाहिलं आणि इंजिनं बंद केली. अठराव्या मिनिटाला मी म्हणालो, "बाबा, झालंच की." त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढची दोन मिनिटं माझ्या हिशेबी पावणेदोन तासांची होती.

वीस पुरी झाल्यावर ते स्वतः गेले आणि पर्स, बॅगा घेऊन आले. लोहगावच्या विमानतळापर्यंत आमच्या रिक्षाची चाकं जमिनीला लागल्याचं मला आठवत नाही. तरी काउंटरवरच्या मुलीने मान आडवी हलवली. काचेतून आमचं विमान दिसत होतं. त्याची शिडी काढत होते.

"आपल्या वडिलांमुळे," गृहस्थ मला म्हणाले, "जीव राहिला. विमान आणि साबण, दोन्ही गेली."

आम्ही तिघं रिक्षाने परतलो. खडकीला बिल्डिंगखाली बॅगा उतरवल्या तरी वडील जिन्यापाशीच थांबून राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझी सुट्टी घालवली मी."

"हो, घालवलीत," ती म्हणाली. "तिसरी पायरी तुटलीय, कठडा धरा."