पाठबाई

मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या बाईंना मुलं आपसात पाठबाई म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. पाठीचे स्नायू शिकवताना त्या अशा रंगून जायच्या की डुलक्या घेणाराही सावरून बसायचा.

"वरचे हे मोठे स्नायू भाडेकरू आहेत," त्या सांगत. "राहतात पाठीवर, राबतात हातासाठी. म्हणून त्यांच्या नसा मानेकडून, काखेकडून येतात. पाठीचे हक्काचे ते खालचे, मणक्यांना धरून बसलेले. त्यांच्या नसा थेट मागून निघतात."

एका वर्षी बाईंच्याच मानेत गाठ आली. काढल्यावर ती साधी निघाली आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण टाके निघाले तरी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कपाटातल्या वरच्या फळीवरचं पुस्तक काढता येईना.

"दुखतंय म्हणून जपतेस तू," नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, नजर बारीक. बाईंनी त्याला मागे उभं केलं आणि दोन्ही हात बाजूंनी उचलायला घेतले.

"पाठीवरची खवाट्याची हाडं सारखी दिसतात?" बाईंनी विचारलं.

"नाही. उजवं बाहेर सरकतंय. आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग बसल्यासारखा झालाय."

बाई पलंगावर टेकल्या. डोक्याच्या तळातून निघून मानेत कातडीच्या जरा खालून खांद्याच्या स्नायूकडे जाणारी ती नस त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढली होती. गाठ काढताना तीच कापली गेली असणार. त्या पोटभर रडल्या. मग उठून तोंड धुतलं आणि गाठ काढणाऱ्या सर्जनकडे गेल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. तपासून त्याने मान खाली घातली.

"मान नंतर घाल खाली. आधी नस जोडायचं बघ, नाहीतर स्नायू वाळून जाईल."

"माझ्या हातून नको, बाई. नसा जोडणाऱ्या एक डॉक्टर आहेत, मीच तुम्हाला घेऊन जातो."

नस जोडली गेली. पण ती वाढते मुंगीच्या पावलांनी. तोवर बाई घरी बसल्या नाहीत. मागे नाड्या असलेला दवाखान्यातला झगा घालून त्या वर्गात गेल्या आणि मुलांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "पुस्तकात दोन्ही बाजू सारख्या असतात. इथे फरक बघा."

"बाई, त्रास होतो का?" एका मुलीने हळूच विचारलं.

"होतो. खांदा ओढल्यासारखा ठणकतो. तेही लिहून घ्या. उद्या पेशंट सांगेल तेव्हा खोटं वाटायला नको."

हात उठेपर्यंत त्यांची वेणी नवरा घालायचा. आधी ती दोरखंडासारखी व्हायची, पुढे त्याचा हात छान बसला. मग एका सकाळी बाईंनी आरशासमोर उजव्या हाताने स्वतःचा भांग पाडला. खांदा थोडा उतरता राहिलाच, जड पिशवी डाव्याच हातात गेली. पण हात डोक्यापर्यंत पोचला होता.

"म्हणजे माझं काम संपलं," नवरा जरासा हिरमुसून म्हणाला.

"रविवारची तूच घाल," बाई म्हणाल्या.