नलूचा रिपोर्ट

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही – आणि हिच्या पोटात काही राहत नाही अशी घरात माझी ख्याती आहे. एवढं एक मात्र राहिलं.

मी अमरावतीला संशोधन करायचे. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या कॅन्सर का होतो, हा विषय. गावोगाव जायचं, कोण कशाने गेलं ते विचारून वंशावळ काढायची, रक्त घेऊन मुंबईला तपासायला पाठवायचं. बार्शीटाकळीजवळ एका घरात दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या होत्या, दोघा भावांना. दोघीही चाळिशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. थोरलीची मुलगी नलू, विशीतली. तिचंही रक्त घेतलं.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला. आईच्या जनुकातला दोष नलूत उतरला होता. म्हणजे मरण नव्हे – दरवर्षी तपासणी, वेळ आलीच तर ऑपरेशन, आणि जगायची चांगली शक्यता. एवढंच तिला एकटीला सांगायचं होतं. किती सोपं, नाही?

मी न कळवता गेले, तर घरात पातूरचे सोयरे बसलेले. नलूच्या साक्षगंधाची तारीख काढायला आलेले. मी कॅन्सरचं काम करते हे कळल्यावर मुलाच्या काकांनी विचारलं, "म्याडम, या घरच्या बाया अशा काहून मेल्या?"

नलूच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ती वर्षं अशी होती, की वऱ्हाडात कुठल्याही मरणाचं कारण आम्ही वावरात शोधायचो – आणि बहुतेकदा सापडायचंही. मी म्हणाले, "फवारणीचं औषध. दोघी कपाशीत राबत होत्या." सगळ्यांनी माना हलवल्या. सोयऱ्यांना खरं न सांगणं बरोबरच होतं, ते गुपित माझं नव्हतं. त्या खोट्याची मला तेवढी लाज नाही. लाज वाटते ती पुढच्या पाच मिनिटांची.

मी आत गेले. नलू चहाच्या कपबश्या मांडत होती. हळूच म्हणाली, "माह्यं काय निघालं, म्याडम?"

रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "काही नाही निघालं."

का? दया आली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दया कसली! मला त्या घरात चांगली बाई व्हायचं होतं, एवढंच. लग्न झालं की सांगू, म्हटलं. मग – एक मूल होऊ दे. मग म्हणायचंही सोडून दिलं.

सतरा वर्षांनी ती अकोल्याच्या दवाखान्यात भेटली. गाठ बगलेपर्यंत पसरलेली. माझा हात धरून म्हणाली, "मी तं वावरात पायबी नाही टाकला, म्याडम. सासूचे टोमणे खाल्ले, पण फवारणीच्या वाऱ्याले नाही गेली. मंग मले काहून झालं?"

आता तरी? – नाही. "होतं कधी कधी," म्हणाले आणि तिची पाठ थोपटली. वर्षाच्या आत ती गेली.

तिची मुलगी अठराची झाली, तेव्हा मी स्वतः जाऊन तिला सगळं सांगितलं. तपासणी केली. दोष तिच्यातही आहे. ती दरवर्षी न चुकता तपासून घेते, ठणठणीत आहे. तुम्हाला वाटेल, शेवटी बाईने बरं केलं. थांबा. तिने विचारलं होतं, "आईच्या टायमाले हे काहून नाही समजलं?"

मी म्हणाले, "तेव्हा ही तपासणी निघालीच नव्हती."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

तोंडावळा थेट नलूचा आहे तिचा. डॉक्टरकडून निघाली की पहिला फोन मला करते. अलीकडे म्याडम म्हणायचं तिने सोडलंय. मावशी म्हणते. मी ओ देते.